ओपन जिम कोणी मागितली होती?

आमच्या भागात एक छोटीशी मोकळी जागा आहे आणि त्यात ओपन जिम आहे. तुमच्याकडेही असेलच, पुण्यात आता अशी जागा शोधावी लागेल जिथे ओपन जिम नाही. पिवळी-निळी मशिन्स, आणि प्रत्येक मशिनपेक्षा मोठा बोर्ड, अमुक यांच्या संकल्पनेतून, तमुक यांच्या निधीतून, खाली आजी-माजी-भावी सगळ्यांचे फोटो. वापरतं कोण तर सकाळी दोनचार काका, संध्याकाळी लहान पोरं झोका समजून लोंबकळतात, आणि दुपारी शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनचे टॉवेल वाळत असतात. टॉवेलांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट त्या मशिनचा तेवढा तरी उपयोग होतोय. पण मला कधीपासून एकच गोष्ट विचारायची होती की ही मागितली कोणी होती? आमच्या बिल्डिंगमध्ये विचारलं, समोरच्या चाळीत विचारलं, एकानेही मागितलेली नाही. कोणीतरी ठरवलं की लोकांनी व्यायाम केला पाहिजे आणि व्यायाम म्हणजे मशीन, संपला विषय.

आता हालचाल कमी झालीये हे खरंच आहे, त्यात वाद नाही. 2024 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लोकांनी केलेला अभ्यास आला होता, त्यात 2022 साली भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढ लोकांची हालचाल पुरेशी नव्हती असं निघालं, आणि बायकांमध्ये ते प्रमाण 57 टक्के होतं, पुरुषांमध्ये 42. 2000 साली हाच एकूण आकडा 22 टक्क्यांच्या आसपास होता. पुरेशी म्हणजे काय तर आठवड्याला 150 मिनिटं जरा भरभर चालणं किंवा तसलं काहीही, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. यासाठी कोणालाही मशीन लागत नाही हो. भाजी आणायला चालत गेलं, पोराला शाळेत चालत सोडलं तरी होऊन जातं. पण आम्ही काय करतो, पाच मिनिटांवरच्या डेअरीत ॲक्टिव्हावर जातो आणि रविवारी सकाळी गाडी काढून तळजाईच्या टेकडीवर जातो, चालायला! तिथे गाडी लावायला जागा नसते म्हणून भांडतो, मग चालतो, मग गाडीत बसून घरी. मी पण त्यातलीच आहे, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

तर आमच्याकडे चालण्या-फिरण्याच्या या खटपटीची सुरुवात व्यायामावरून झालीच नाही, शाळेवरून झाली. शाळा इतकी जवळ की गच्चीवरून दिसते आणि तरी सकाळी गेटसमोर दुचाकींची ही गर्दी. आयांच्या ग्रुपवर विषय निघाला की पोरं चालत का नाही जाऊ शकत, आणि त्यातून कोणीतरी पूर्ण एरियाच्या ग्रुपवर टाकलं की आपल्या भागात चालण्या-फिरण्यासाठी काय हवंय ते सांगा. उत्तरं काय आली असतील सांगा? जॉगिंग ट्रॅक, गार्डन, सीसीटीव्ही, आणि अजून एक ओपन जिम. शप्पथ. म्हणजे जे आजूबाजूला बघितलंय तेच मागितलं लोकांनी, आणि त्यात चूक काही नाही, मेनूकार्डात जे असेल तेच माणूस ऑर्डर करतो.

मग बी विंगमधल्या काकू बोलल्या. ग्रुपवर नाही, जिन्यात. गुडघ्यांचा त्रास आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि त्या पार्किंगमध्येच गोल गोल फिरतात. मी म्हटलं काकू बाग आहे ना इतकी चांगली. तर म्हणाल्या, "बाग चांगलीच आहे गं, पण मधला चौक कोण ओलांडणार? आणि ओलांडून पलीकडे गेले तर परत येताना बसायला एक जागा नाही, मेडिकलवाल्याच्या पायरीवर किती वेळा बसू?" आता ही गोष्ट कुठल्या सर्व्हेमध्ये आली असती? बागेला पाच स्टार देऊन काकू मोकळ्या झाल्या असत्या.

त्यावरून आमच्यातल्या एका आर्किटेक्ट मुलीने सुचवलं की मीटिंग वगैरे नंतर, आधी लोकांबरोबर चालूया. जो जिथे जातो तिथे त्याच्याबरोबर जायचं, मध्ये मध्ये न बोलता, आणि तो कुठे थांबतो, कुठे खाली उतरतो, कुठे रस्ता बदलतो ते लिहून घ्यायचं. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं, पण मी या भागात लग्न होऊन आल्यापासून राहते आणि मला निम्म्या गोष्टी माहीत नव्हत्या.

सगळ्यात जास्त चालतं कोण माहितीये? घरकामाच्या मावशी. चार-पाच घरं, सकाळपासून दुपारपर्यंत, उन्हातान्हात. आरोग्याच्या हिशोबात त्यांची हालचाल कधीच पूर्ण झालेली असते, त्यांना कोणी चाला म्हणून सांगायला नको. पण आपण "वॉकर्स" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर स्पोर्ट्स शूजवाले काका येतात, मावशी येत नाहीत. त्यांच्याबरोबर चालल्यावर कळलं की दोन सोसायट्यांच्या मधल्या भिंतीतला जो बारका रस्ता होता तो सिक्युरिटीच्या नावाखाली बंद केला, त्यामुळे त्यांना पूर्ण वळसा घालून मेन रोडने यावं लागतं. आणि वाटेत एक स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या सकाळी पाणीच पीत नाहीत. हे ऐकून मी गप्पच बसले. आणि बागेची वेळ! बऱ्याच बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद, परत संध्याकाळी. मावशींना मोकळा वेळ मिळतो तो नेमका दुपारी दोन घरांच्या मध्ये, तेव्हा सावलीतल्या बागेला कुलूप, आणि त्या बाहेर कट्ट्याच्या कडेला उन्हात डबा खातात.

पोरांबरोबर चाललो तर वेगळंच जग. आपल्याला कोपऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीच्या वरून पलीकडचं दिसतं, पोराला नाही दिसत, त्याच्या उंचीला ती भिंतच असते. त्यामुळे पोरं गाडीच्या पुढे दोन पावलं येऊन मग बघतात, आणि तोपर्यंत रिक्षा अंगावर. एकाने विजेची उघडी डीपी दाखवली, आम्ही रोज त्याच्या शेजारून जातो. एकीने सांगितलं की एका गल्लीतून ती जात नाही कारण तिथला कुत्रा फक्त सायकलला भुंकतो. नोंद केली, कुत्र्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

आणि मग बाबागाडी. ए विंगमधली नवीन आई बाबागाडी घेऊन निघाली, मी बरोबर. आमच्याकडे फूटपाथ आहे बरं का, कागदावर पूर्ण लांबीचा आहे. पण प्रत्येक सोसायटीच्या गेटला तो खाली उतरतो आणि परत वर चढतो, गाड्यांना सपाट रस्ता मिळावा म्हणून माणसाने उठाबशा काढायच्या. खरं तर उलटं पाहिजे, फूटपाथ सलग एका पातळीत आणि गाडीने छोट्या उतारावरून वर चढून पलीकडे उतरायचं, म्हणजे गेटमधून सुसाट बाहेर येणारेही आपोआप हळू होतात. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत 2012 ची, त्यात कमीत कमी 1.8 मीटर रुंद मोकळी जागा चालायला हवी आणि फूटपाथची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं स्पष्ट लिहिलंय. आम्ही टेप घेऊन मोजत गेलो. झाड, डीपी, बोर्ड, टपरी, बंद पडलेली लूना, हे सगळं वजा केलं तर काही ठिकाणी माणूस आडवा होऊनच जाईल एवढी जागा उरते. त्या आईने पहिल्या वळणालाच बाबागाडी रस्त्यावर उतरवली होती आणि मी काही बोलूच शकले नाही.

मैदानाचं मात्र मला आधीपासून खुपत होतं. मैदानावर क्रिकेट आणि क्रिकेटच. आठवी-नववीच्या मुली कुठे जातात? घरी. सगळे म्हणतात मुलींना आवडच नसते, मोबाईलमध्ये असतात. व्हिएन्ना शहराने 1990 च्या दशकात हे तपासून बघितलं होतं. त्यांच्या लक्षात आलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागांमध्ये दिसायच्या बंद होतात, मुलं मात्र येत राहतात, कारण एकच मोठी मोकळी जागा असेल तर ती मुलं पटकावतात आणि मुली भांडत बसत नाहीत. मग त्यांनी दोन बागा घेतल्या, मोठ्या जागेचे लहान लहान भाग केले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, आणि मुली परत आल्या. मुलींना कोणी व्यायामाचं महत्त्व वगैरे समजावलं नाही. आमच्या मुलींना विचारलं तर त्यांनीही जवळपास हेच सांगितलं, एक कोपरा बॅडमिंटनला, एक बसायला कट्टा जिथून गेट दिसतं, आणि लाईट. लाईट रस्त्यावर आहेत हो भरपूर, पण ते गाड्यांसाठी आहेत, खांब उंच आणि मध्ये झाडाची फांदी, फूटपाथवर मिट्ट काळोख.

एवढं सगळं गोळा झाल्यावर मीटिंग झाली. क्लब हाऊस, संध्याकाळी सात. आले कोण? रिटायर्ड काका मंडळी, दोन कमिटी मेंबर आणि एक उत्साही इस्टेट एजंट. काकांची चेष्टा करत नाहीये, तेच बिचारे अर्ज घेऊन फिरतात, त्यांच्याशिवाय एक काम होणार नाही. पण सात ही पोळ्यांची वेळ आहे, क्लासवरून पोरं आणायची वेळ आहे, आणि मावशींना तर क्लब हाऊसच्या लिफ्टमध्येही यायला परवानगी नसते काही ठिकाणी. जो मीटिंगला येतो त्याच्याच सोयीचा रस्ता होतो, हे मला त्या दिवशी इतकं स्वच्छ दिसलं. तासभर चर्चा कशावर, तर व्हिजिटर पार्किंगवर.

म्हणून मग नकाशाच बाहेर काढला. चार कार्डशीट चिकटवून भागाचा मोठा नकाशा, आणि तो भाजीवाल्याच्या गाडीशेजारी भिंतीवर, कारण तिथे सगळेच येतात. खाली टिकल्यांची पाकिटं ठेवली. जिथे चालायची भीती वाटते तिथे लाल टिकली, जिथे चालायला बरं वाटतं तिथे हिरवी. ना फॉर्म ना मोबाईल नंबर ना लिहिता येण्याची अट. भाजीवाले भाऊ स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायला लागले, ताई टिकली लावून जा. दोन आज्ज्यांनी टिकल्या कपाळाला लावून नेल्या, ते चालतंय. आठवडाभरात तो चौक पूर्ण लाल झाला आणि एक आश्चर्य म्हणजे ज्या गल्लीला आम्ही अडगळ समजायचो, गॅरेजच्या मागची, ती हिरवी झाली. कारण काय तर तिथे मोठी पिंपळाची सावली आहे आणि गॅरेजची पोरं दिवसभर असतात, त्यामुळे बायकांना सुरक्षित वाटतं. ब्यूटिफिकेशनच्या नावाखाली आम्ही तेच गॅरेज हटवा म्हणून अर्ज करणार होतो.

दुकानदारांचा मुद्दा मात्र अवघड आहे आणि त्यांना व्हिलन करण्यात अर्थ नाही. फूटपाथ रुंद झाला की पार्किंग जाणार आणि पार्किंग गेलं की गिऱ्हाईक जाणार, ही भीती खरी असते. औंधच्या डीपी रोडचं काम स्मार्ट सिटीत झालं तेव्हाही तिथल्या व्यापाऱ्यांनी हेच म्हणून विरोध केला होता. तिथे चांगलं काय केलं तर काँक्रीट ओतायच्या आधी ट्रायल घेतली, तात्पुरत्या खुणा करून लोकांना चालून बघू दिलं. जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्वपासून जो रुंद फूटपाथ झालाय तो बघा, बसायला जागा, झाडं आहेत तशी ठेवलेली, मुलांना खेळायला चार गोष्टी, तिथे संध्याकाळी आजी-आजोबा नुसते बसलेले असतात आणि पोरं इकडून तिकडे पळत असतात. कुठेही "व्यायाम करा" असा बोर्ड नाही. त्याच रस्त्यावरच्या सायकल ट्रॅकबद्दल मात्र मी काही बोलत नाही, तिथे सायकल सोडून सगळं दिसतं. आणि 11 डिसेंबर 2021 ला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोडचा एक भाग गाड्यांना बंद केला होता, लक्ष्मी रोड! तिथे होऊ शकतं तर आमच्या चौकाचं काय घेऊन बसलात.

आम्ही औंधसारखीच ट्रायल घेतली, छोट्या प्रमाणात. शाळेजवळच्या कोपऱ्यावर, जिथे गाड्या लावल्याने पोरांना दिसत नाही, तिथे खडूच्या पावडरीने वळण आखलं आणि जुन्या कुंड्या ठेवल्या. वाहतूक पोलिसांना आधी सांगून, हे महत्त्वाचं, नाहीतर तुम्हीच अडथळा आणला म्हणून ऐकून घ्यावं लागतं. किराणावाल्या काकांच्या दोन गाड्यांची जागा गेली, ते पहिल्या दिवशी बोललेच नाहीत आमच्याशी. नंतर त्यांच्या लक्षात आलं की शाळा सुटल्यावर पोरं आणि आया तिथे थांबतात, आणि थांबलेला माणूस बिस्किटाचा पुडा घेतो. ते आता कुंड्यांना पाणी घालतात. सगळेच दुकानदार असे पटले असं नाही, हार्डवेअरवाल्यांचं टेम्पोचं काम असतं, त्यांचं खरंच अडतं, त्यांच्यासाठी सकाळी लवकर माल उतरवायची वेळ ठरवायची बोलणी चालू आहेत.

पैशाचं काय, हे सगळे विचारतात. पुणेकरांनो, आपल्याकडे 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक आहे, म्हणजे आपण साध्या नागरिकाने आपल्या प्रभागातलं काम सुचवायचं, एका कामाला 5 लाखांपर्यंत. बेंच, फूटपाथची दुरुस्ती, दिवे, स्वच्छतागृह, हे सगळं यात बसतं. मुदतीची जाहिरात पेपरात येते, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो. कितीतरी लोकांना हे माहीतच नाही, मलाही त्या काकांनीच सांगितलं ज्यांची मी वर थोडी मजा केली. त्यांचा सल्ला असा की अर्जात "फूटपाथ सुधारा" असं कधीच लिहू नका, त्याचा अर्थ चांगले असलेले गट्टू काढून नवे गट्टू बसवा असा होतो. अमुक गेटपासून तमुक खांबापर्यंत, सलग पातळी, शेजारी फोटो, त्यावर पेनाने बाण. आणि अर्ज दिल्यावर ज्युनिअर इंजिनिअरला एकदा प्रत्यक्ष चालवून आणा, शक्यतो काकूंबरोबर. काकू दर थोड्या वेळाने थांबतात, मग त्यालाही थांबावं लागतं, आणि मग तो स्वतःच म्हणतो इथे एक बेंच पाहिजे.

कायद्यात तर 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे महाराष्ट्रात, मोजक्या मतदान केंद्रांच्या भागातल्या मतदारांची सभा, जशी गावात ग्रामसभा. तुम्ही कधी गेलाय क्षेत्रसभेला? मी पण नाही. आणि मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही, त्या काळात विचारायचं कोणाला हाच प्रश्न होता. त्या बाबतीत मला राग आहे आणि तो इथे लिहून संपणार नाही, जाऊ दे.

झालं काय आतापर्यंत? चौकात झेब्रा परत मारला आणि त्याच्या अलीकडे एक गतिरोधक आला. डीपीला दार बसलं. सोसायट्यांच्या मधला रस्ता दिवसा उघडा ठेवायला एक कमिटी तयार झाली, दुसरी अजून "विचार करू" वर आहे. शाळेत चालत जाणाऱ्या पोरांचा एक घोळका सकाळी जातो, दोन पालक पाळीने बरोबर, आणि खरं सांगायचं तर त्या पालकांचंच वजन उतरलंय. मैदानात बॅडमिंटनच्या रेषा आखल्या, क्रिकेटवाल्यांनी त्याच रेषांवर स्टम्प उभे केले, त्यावर मुलींनी स्वतः जाऊन वेळ वाटून घेतली, आम्हाला मध्ये पडावं लागलं नाही. स्वच्छतागृहाचं मात्र घोडं अडलंय, सगळ्यांना हवंय पण स्वतःच्या भिंतीला लागून कोणालाच नको. बागेच्या दुपारच्या वेळेसाठी अर्ज दिलाय, माळीकाका अनुकूल आहेत, बघू.

आणि सध्याचं ताजं भांडण बेंचचं. काकूंच्या मोजणीप्रमाणे बरोबर मध्यावर जी जागा येते ती एका बंगल्यासमोर आहे आणि बंगल्याच्या मालकांचं म्हणणं की बेंच टाकला की रात्री टवाळ पोरं येऊन बसणार. पूर्ण चुकीचं नाही त्यांचं. म्हणून तोडगा काढला की महिनाभर तिथे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायच्या, कोण बसतं ते बघायचं, मग अर्जात जागा टाकायची. मालकांनी मान्य केलं, एवढंच नाही तर खुर्च्या स्वतःच्याच दिल्या, फक्त साखळीने खांबाला बांधून. काकू रोज बसतायत आणि परवा मालकांच्या आई पण शेजारी बसलेल्या दिसल्या, त्या म्हणे दोन वर्षांत गेटच्या बाहेर आल्या नव्हत्या. मालक अजूनही म्हणतात की टवाळ पोरांचं सांगता येत नाही, महिना संपू दे.